बुंदीचं पथ्य

बुंदीचं पोट बिघडायचं ते पहाटे सव्वापाच ते पावणेसहाच्या दरम्यान. हे मी अंदाजाने सांगत नाही, माझ्याकडे त्या दिवसांच्या नोंदी आहेत. तारीख, वेळ, रंग, घट्टपणा (एक ते पाच या मोजपट्टीवर, पाच म्हणजे पाणी) आणि शेवटी शेरा. सव्वीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईने कुत्रीच्या शौचाची वही ठेवावी यात हसण्यासारखं काय आहे, ते मला तेव्हा कळत नव्हतं. गल्लीला कळत होतं.

बुंदी म्हणजे आमची कुत्री. तपकिरी अंगावर पिवळसर ठिपके, म्हणून हे नाव. नाव गल्लीने ठेवलं होतं, कारण ती तशी गल्लीचीच होती. झोपायला आमच्या दारात यायची आणि तिला लस मी टोचून आणायचे, एवढ्यावरून ती आमची. जुन्नरच्या आमच्या गल्लीत तेव्हा अजून दारोदार ओटे होते. आमचा ओटा साडेचार फूट लांबीचा. संध्याकाळी पाच वाजले की त्यावर डावीकडे माझी आई, जानकाबाई, उजवीकडे शेजारची चांदबी, म्हणजे माझी चांदमावशी, आणि मधे बुंदी. तिचं डोकं एकीच्या मांडीवर, शेपूट दुसरीच्या. या दोघी तिथे चाळीस वर्षं बसत होत्या. बुंदीच्या आधी मधल्या जागेवर एक मांजर असायचं, आणि त्याच्या आधी मी. त्या काय बोलायच्या ते मी कधी लक्ष देऊन ऐकलं नाही. आत वह्या तपासताना नुसता आवाज यायचा, लांब कुठे पंप चालू असावा तसा. तो बंद पडू शकतो हे डोक्यात आलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात बुंदी वाळायला लागली. डिसेंबरात तिच्या डाव्या अंगाच्या सात बरगड्या मोजता यायच्या, जानेवारीत नऊ. म्हणून मी तिला रिक्षात घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. कुठल्या ते सांगत नाही. तिथली माणसं भली आहेत आणि मला पुन्हा तोंड दाखवायचं आहे.

केसपेपर करणाऱ्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, गाय का म्हैस? मी खाली बोट दाखवलं. त्यांनी टेबलावरून वाकून पाहिलं आणि खेदाने मान हलवली. संगणकावर नवीनच पद्धत आली होती आणि तिच्यात गाय, म्हैस, मेंढी, शेळी एवढेच चार पर्याय होते. उंचीचा विचार करून त्यांनी शेळी निवडली. पुढचा रकाना रोजच्या दुधाचा. तो मोकळा सोडला तर संगणक पुढे जाईना, आणि शून्य त्याला मान्य नव्हतं. अर्धा लिटर टाकू का, असं त्यांनी मला फार अदबीने विचारलं. खोट्या माहितीखाली मी सही करणार नाही, असं मी सांगितलं. माझ्यामागे पाच माणसं आणि एक म्हैस उभी होती. म्हशीचे मालक म्हणाले, "टाका ओ बाई अर्धा लिटर. तुमाला काय डेअरीला घालायचंय का?"

मी सही केली. सरकारदरबारी बुंदी ही अर्धा लिटर दूध देणारी शेळी आहे. शेळ्यांच्या लसीकरणाचा मेसेज मला अजून येतो.

डॉक्टर तरुण होते आणि कमी बोलणारे, म्हणून मला आवडले. त्यांनी बुंदीचं पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले आणि सांगितलं की खाण्यातलं काहीतरी एक तिला सोसत नाही. आठ आठवडे तिला एकच प्रथिन द्यायचं, तेही तिने आजवर कधी न खाल्लेलं, आणि बरोबर भात. त्याशिवाय तोंडात काही जाता कामा नये. शिवाय सकाळ-संध्याकाळ एक गोळी. त्याने उतार पडला तर बरं, नाहीतर पुण्याला नेऊन, भूल देऊन आतड्याचा तुकडा तपासायला लागेल. बुंदीचं वय मी अकरा सांगितलं. "भूल देण्याचं वय नाही हे," एवढं म्हणून ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मला समजलं.

घरी येताना मला थोडा आनंद झाला होता, हे कबूल करते. आठ आठवडे, एक पदार्थ, रोजची नोंद. इतका स्वच्छ प्रयोग मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. नमुन्याची संख्या एक होती हे खरं, पण तो नमुना माझ्या पायावर डोकं ठेवून झोपायचा.

पहिली अडचण ही की अकरा वर्षांत बुंदीने काय खाल्लं नव्हतं? मी घरोघर विचारत गेले आणि गल्लीने साक्षी दिल्या. कोंबडी खाल्ली होती, अंडी खाल्ली होती. बकरी ईदला चांदमावशीच्या घरचं मटण दरसाल ठरलेलं. सुकट, बोंबील, सोयाबीन झालेलं. समोरच्या सावळारामभाऊंकडे हुलग्याचे शेंगोळे झाले की पहिली वाटी तिची. सावळारामभाऊ म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आणि गल्लीतल्या कुठल्याही प्रश्नावर तिकीट फाडल्यासारखं मत द्यायची त्यांना सवय. ते म्हणाले, "मॅडम, हिनं न खाल्लेलं एकच ऱ्हायलंय, ते म्हंजे तुमचं डोकं. ते बी चाललंय हळूहळू."

मग मी इंटरनेटवरून संवेदनशील पोटाच्या कुत्र्यांसाठीचं खाद्य मागवलं, दहा किलोची गोणी. आठ दिवसांनी फोन आला की तुमची गल्ली आमच्या यादीत नाही, आळेफाट्याला येऊन घेऊन जा. मी रजा टाकून गेले. परतीच्या एसटीत गोणी मांडीवर मावेना, म्हणून मधल्या वाटेत उभी केली. शेजारच्या बाकावर येडगावचे एक आजोबा होते. त्यांनी विचारलं, पेंड कुठल्या कंपनीची? मी म्हटलं, पेंड नाही, कुत्र्याचं खाणं आहे. किती कुत्री? एक. यानंतर दोन थांबे जाईपर्यंत बस शांत होती. मग मागच्या बाकापर्यंत चर्चा पोचली. गोणीत औषध आहे, सरकारी वाटप आहे, शहरात माणसंही हेच खातात, अशी निरनिराळी मतं पडली, आणि शेवटी कोणीतरी सुस्कारा सोडून म्हणालं, "बाईस्नी पोरबाळ न्हाई वाटतं." मला मूलबाळ नाही हे खरं आहे. त्याचा गोणीशी काही संबंध नव्हता.

बुंदीने ते खाद्य एकदा हुंगलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. गोणीबरोबर हाडांच्या आकाराचा खाऊ फुकट आला होता. तो कशाचा आहे, असं आईने विचारलं. मी वेष्टनावरचं वाचून सांगितलं, वाटाण्याच्या पिठाचा. "वाटाण्याचं हाड," आई चांदमावशीला म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की बुंदीला मधून उठावं लागलं. गोणी सावळारामभाऊंच्या कोंबड्यांना गेली. त्या महिन्यात त्यांनी बरी अंडी दिली असं ते सांगतात.

मात्र येडगावचे आजोबा उतरता उतरता एक गोष्ट बोलून गेले होते. ह्याच्यापरीस आमच्या धरणातली चिलापी उकडून घाला. आमच्या गल्लीत सुकी मासळी खातात, ताजा मासा कोणी आणत नाही. म्हणजे चिलापी बुंदीने खाल्लेली असणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी फोनवर होकार दिला आणि पथ्य सुरू झालं. मी रोज मासा उकडायचे आणि कॉलेजातून रीतसर निकाली निघालेल्या चिमट्याने काटे काढायचे. एका चिलापीत काटे किती असतात ते मला विचारा. बुंदी खुशीने खायची. गोळीही त्याच दिवसापासून सुरू झाली. ती मी स्वतःच्या हाताने द्यायचे, त्यात हलगर्जी नको म्हणून.

आता प्रश्न राहिला गल्लीचा. मी फळा लिहायच्या अक्षरात एक कागद लिहून ओट्यावरच्या भिंतीला चिकटवला. "बुंदी आजारी आहे. तिला पोटाचा विकार आहे. कृपया तिला काहीही खायला देऊ नये."

चूक पहिल्या वाक्यात होती. आमच्याकडे कोणी आजारी आहे असं कळलं की बघायला जातात, आणि बघायला जाताना मोकळ्या हाताने जात नाहीत. जन्म या गल्लीत गेला तरी हे मला सुचलं नाही. अंधार पडायच्या आत नऊ घरं येऊन गेली. कोपऱ्यावरच्या बयाबाईंनी तूप घातलेलं खिमट आणलं होतं. कागदावर लिहिलंय ते वाईटसाईट खाण्याबद्दल, खिमटाने काय होतंय, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला होता. सावळारामभाऊ हिंग लावलेलं ताक घेऊन आले. ग्लुकोजच्या बिस्किटांचे अकरा पुडे जमले, मोसंबी जमली आणि एक शहाळं. बुंदी प्रत्येकासमोर कण्हून दाखवत होती. आई सगळ्यांना चहा देत होती, आजाऱ्याच्या घरी द्यावा तसा, आणि खरं सांगायचं तर थोड्या अभिमानाने. माझ्या प्रयोगात सकाळी एक पदार्थ होता, संध्याकाळी सतरा झाले. मी कॉलेजातून आले तेव्हा बुंदी उताणी पडली होती.

मी पहिला कागद फाडला आणि दुसरा लावला. त्यात आजाराचा उल्लेख नव्हता, फक्त मनाई होती, खाली रेघ मारून. गल्ली दुखावली. इचारपूस बी करायची न्हाई का मॅडम, असं सावळारामभाऊ पाठ फिरवून, पण मला ऐकू येईल असं म्हणाले. बुंदीला मी दिवसभर घरात बांधून ठेवायला लागले. मोकळी सोडायची ती फक्त पाच वाजता ओट्यावर, आईच्या देखरेखीखाली.

तरी वहीत चार, पाच, चार, पाच असंच पडत होतं. एकोणिसाव्या दिवशी बुंदीच्या मिशीला मला काहीतरी चिकटलेलं दिसलं. पातळ, बदामी रंगाचं, पापुद्रा पापुद्रा. मी ते भिंगाखाली धरलं. ती खारी होती. चांदमावशीचा मुलगा सलीम बेकरी चालवतो. गल्लीत रोज ताजी खारी येणारं घर एकच.

पाच वाजता मी वही घेऊन ओट्यावर गेले. शेरा या रकान्यात लिहिलं, "संशयित: चांदबी." मग विचारलं, "चांदमावशी, तू हिला खारी देतेस का?" प्रात्यक्षिक परीक्षेत मुलांना विचारते त्याच आवाजात विचारलं, हे मला नंतर जाणवलं. तेव्हा फक्त एवढं वाटत होतं की पुरावा माझ्या बाजूने आहे. समोर सावळारामभाऊ पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटायचं थांबवलं.

चांदमावशीला वाचता येत नाही. ती वहीकडे बघत म्हणाली, "माजं नाव लिवलंस?"

मी म्हटलं, नोंद पूर्ण ठेवावी लागते.

तिने बुंदीचं डोकं उचलून आईच्या मांडीवर ठेवलं. गुडघ्यांवर हात टेकून उठली, त्याला नेहमीप्रमाणे वेळ लागला, आणि घरात गेली. आई बुंदीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता आई डावीकडे, बुंदी मधे, उजवी बाजू मोकळी. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी आई साडेपाचलाच आत आली, आणि सातव्या दिवसापासून बाहेर जायची बंद झाली. टीव्ही लावून बसायची, आवाज मोठा करून. ती माझ्याशी बोलायची. जेवायला ये, गॅस बंद कर, दूधवाला आलाय. शब्द मोजले असते तर कमी भरले नसते. पण मी आत वह्या तपासायचे तेव्हा बाहेरून काही ऐकू यायचं नाही, आणि माझ्या बेरजा चुकायला लागल्या. मी एका मुलीला सत्तरपैकी एक्क्याऐंशी गुण दिले.

बुंदी ओट्याकडच्या दाराशी जाऊन बसायची. दहावी बरगडी दिसायला लागली होती. खारी बंद होऊन बारा दिवस झाले आणि फरक काही नव्हता. म्हणजे कारण खारी नव्हतं. अकरावीच्या कुठल्याही मुलाने हे सांगितलं असतं. मी मात्र असा निष्कर्ष काढला की आणखी कोणीतरी चोरून देत असणार, आणि दाराच्या फटीवर लक्ष ठेवून बसले.

एकतिसाव्या दिवशी मी पुन्हा दवाखान्यात गेले. पुण्याची चिठ्ठी मागायला गेले होते. डॉक्टरांनी आधी वही मागितली आणि पहिल्या पानापासून शांतपणे वाचली. माझं काम कोणी इतक्या आदराने वाचल्याचं मला आठवत नाही. मग त्यांनी विचारलं, "याशिवाय पोटात काही जात नाही?"

"काहीही नाही."

"गोळी कशी घेते?"

"नुसती दिली तर थुंकते," मी म्हटलं. "म्हणून पेढ्यातून देते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

पेढ्याचा पुडा माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात असायचा, कारण आईला साखरेचा आजार आहे. त्यामुळे पेढा गल्लीत कोणाला माहीत नव्हता, आणि वहीलाही नव्हता. पेढा हा औषधाचा भाग आहे, असं मी धरून चालले होते. सकाळी एक, संध्याकाळी एक, एकतीस दिवस, म्हणजे बासष्ट पेढे. मग डॉक्टरांनी हळूहळू विचारत मागचंही काढून घेतलं. थंडी पडली म्हणून नोव्हेंबरपासून बुंदीला सकाळी वाटीभर कोमट दूध कोण देत होतं? मी. ते कधी बंद केलं? पथ्य सुरू झालं त्या दिवशी. आणि पेढा? त्याच दिवशी सुरू केला. हिला बहुतेक दूधच सोसत नाही मॅडम, ते म्हणाले, आणि पेढा म्हणजे आटवलेलं दूध. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. केसपेपरवाले गृहस्थ हसले. त्यांच्या कागदांप्रमाणे ती स्वतः दुभती होती.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिने टीव्हीवरची नजर काढली नाही. "मला काय सांगतीस? वहीत माजं नाव न्हाई."

चांदमावशी आपल्या दारात लसूण सोलत बसली होती. मी वही घेऊन उंबऱ्याशी उभी राहिले. विद्यार्थ्यांची चूक कशी सांगायची ते मला येतं. स्वतःची कशी सांगतात याचा सराव नव्हता. म्हणून मी नुसतं सांगितलं की मावशी, खारीने नव्हतं होत, माझ्या पेढ्याने होत होतं.

तिने चार पाकळ्या सोलल्या.

"खारी मी देत व्हते," ती म्हणाली. "रोज अर्धी. खोटं कशाला बोलू? तुजी आई बी बघायची, बोलायची न्हाई."

मी वही मिटली.

"तू इचारलंस ते बराबर इचारलंस. पण लिवायचं कशाला? मला म्हनली असतीस, चांदमावशी नगं देऊ, तर मी..." तिने हातातली पाकळी थांबवून प्रामाणिकपणे विचार केला. "तर बी दिलीच असती. पण पाव दिली असती."

मी म्हटलं, तुझं नाव खोडून टाकते.

"खोडू नगं. खोडलेलं लई दिसतं. खाली तुजं लिव."

मी तिथेच उंबऱ्यावर बसून लिहिलं, "संशयित: प्रज्ञा." कुठे लिहिलंय ते तिने विचारलं, त्या ओळीवर लसणाचं बोट ठेवलं आणि मग म्हणाली, "पेढा कुठल्या दुकानातला?"

गोळी चिलापीच्या घासात घालायला लागल्यावर पाचव्या दिवशी वहीत पहिला दोन पडला. तीन आठवड्यांनी बरगड्या सातवर आल्या, पुढे मोजायचं कारण उरलं नाही. पुण्याला जावं लागलं नाही. बुंदी त्यानंतर तीन वर्षं जगली, भात, चिलापी आणि पाव खारी यांवर. खारीची नोंद मी करत नसे. मग गटाराचं काम निघालं आणि गल्लीतले ओटे एका आठवड्यात उखडले गेले. रस्ता रुंद झाला, बसायला जागा राहिली नाही. सलीमने आळ्याला मोठं घर बांधलं आणि चांदमावशी तिकडे गेली. आई आता दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते आणि फोनवर तिच्याशी इतक्या मोठ्याने बोलते की फोन कशाला लागतो, असं सावळारामभाऊ विचारतात. गल्लीत कोणाचं कुत्रं आजारी आहे असं अलीकडे कानावर येत नाही. आता कुत्री बंगल्यांच्या फाटकाआड असतात, आणि बिस्किटांचे पुडे घेऊन त्यांना बघायला कोणी जात नाही.

उंबऱ्यावर बसून माझं नाव लिहिलं, त्या संध्याकाळचं तेवढं सांगते. पाच वाजता मी वह्या घेऊन आतल्या खोलीत बसले. आईने टीव्ही बंद केला, किती दिवसांनी, आणि बाहेर गेली. मी खिडकीतून पाहिलं तर ती ओट्याच्या बरोबर मधोमध बसली होती, पाय पसरून, पदर पसरून, साडेचार फुटांपैकी कमीत कमी तीन फूट व्यापून. बुंदी खाली उभी राहून कुठे चढावं याचा अंदाज घेत होती. पाच वाजून सात मिनिटांनी शेजारचं दार वाजलं. चपला सावकाश फरपटत आल्या आणि ओट्यापाशी थांबल्या. माझ्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं.

"सरक की जानका," चांदमावशी म्हणाली. "सगळा वटा तुज्या बापाचा हाय व्हय?"

"व्हय," आई म्हणाली, आणि सरकली.